पवर्ग

जेल रोडच्या तळघरातल्या माझ्या दुकानात
त्र्यंबकराव वामोरीकर डीव्हीडी घेऊन आले,
हातरुमालात गुंडाळून, वर दोन रबरं लावून.
"साठीशांत आहे. दोन हजार सहाची.
पुतण्यानं कॉम्प्युटरवर उतरवून दिली, पण कुमुद
आधी तोंड हलवते, मग बोलते.
मला ऐकू कमी येतं हो. मी ओठ बघतो.
ओठ एक सांगतात, कान दुसरंच."

फाइल उघडली.
सुरुवातीला सगळं ठीक, गुरुजींचा संकल्प तोंडात बसलेला.
अर्ध्या तासानं पळी ताम्हनात पडते
आणि टण्ण जरा मागून येतो.
पुढे तर नारळ फुटून, पाणी सांडून,
कुणी फडकं आणायला उठलंसुद्धा,
मग ठॉक.

शेवटी उखाणा.
कुमुदताई लाजून तोंड मिटतात,
हॉलभर माणसं आवाजाशिवाय हसतात,
एक काका मांडीवर थाप मारतात,
आणि नंतर, कुणीच बोलत नसताना, ऐकू येतं:
*जेल रोडवर घेतलं साठीला मनगटी घड्याळ,*
*त्र्यंबकराव दिसतात साधे, आहेत मोठे खट्याळ.*

मी आधी सोपं तेच केलं.
सगळा आवाज अडीच सेकंद अलीकडे ओढला.
उखाणा जुळला, पण गुरुजींच्या आधीच संकल्प सुटला.
मग आवाज आवळून बघितला, तासाभरात हळूहळू अडीच सेकंद,
भाजीवाल्यानं नासके टोमॅटो
सगळ्या पिशव्यांत एकेक घालावेत तसं.
कुठेच फार चूक नाही. कुठेच बरोबर नाही.

डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली.
तीन ओरखडे.
"हा नातवाचा. चाक म्हणून फिरवायचा.
हा कुमुदचा. तिनं रांगोळीनं घासली होती,
चांदीसारखी निघेल म्हणून."
"आणि हा?"
"हा माहीत नाही."

तीन जागी चित्रं गळून गेली होती.
आवाजाला कुणी सांगितलंच नाही,
तो बिचारा एकही शब्द न सांडता चालत राहिला
आणि म्हणूनच मागे पडला.
म्हणजे कापायचं तिथेच, तिन्ही जागी, प्रत्येकाचं माप वेगळं.

माप कसं घ्यायचं?
रामबागेतल्या शाळेत बाई पट्टी आपटून म्हणवून घ्यायच्या:
प फ ब भ म, औष्ठ्य,
ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत.
तेव्हा वाटायचं, याचं करायचं काय.
आता रात्री नऊ वाजता हेच करते आहे.
मिटलेल्या ओठांवर चित्र थांबवायचं,
आवाजाच्या रेघोट्यांत त्यांचं अक्षर शोधायचं.
संकल्पातला प. मनगटीतला म.
त्र्यंबकला तर मधोमध ओठ मिटतातच,
पंचविसाव्या हिश्श्याइतका सेकंद,
आणि कुमुदताई तिथे थांबल्या आहेत
माझ्या पडद्यावर, बराच वेळ.
वर रस्त्यावर कव्हरवाला ओरडतोय,
ले लो भिया, सौ के दो.

जुळलं. पैसे घेतले. पोहे मागवले, वर जिरावण मारून.

चौथ्या दिवशी ते परत.
"तुमच्याकडे बरोबर होतं. घरी पुन्हा मागे."
सुदामानगरला गेले त्यांच्या स्कूटरवरून.
कानातलं यंत्र टीव्हीला बिनतारी जोडलेलं,
आवाज हवेतून त्यांच्या कानात शिरेपर्यंत
एक पंचमांश सेकंद उशीर करतो.
फाइलची चूक नव्हती.
मी तिथेच बसून नवीन काढून दिली,
सगळा आवाज तेवढा आधी.

नातू आता कॉलेजात आहे. तो म्हणाला,
"आजोबा, हे बिघडलंय,
आजी तोंड उघडायच्या आधीच बोलतेय."
त्र्यंबकरावांनी हात वर केला, गप्प.
पडद्यावर ओठ मिटले.
त्यांचेही मिटले.