चंद्राशी माझं भांडण नाही

वाटाणा गल्लीत राहते मी.
हसू नका, तार्तूच्या आमच्या वस्तीचं नावच सूपनगर;
पलीकडे घेवडा गल्ली, तिच्या पुढे बटाटा,
आणि नदी फुगली की सगळं एकाच पातेल्यात.

शेजारीण लेइडा. कुंपण एक, गूजबेरीचं झुडूप एक,
मुळं माझ्याकडे, काटे दोघींना.
पानाच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले.
ती म्हणाली, भुरी आहे. गंधक मार.
मी म्हणाले, अंडी आहेत कसलीतरी,
आणि अंगठ्याने पुसून टाकली,
चाळीस वर्षं पुसत आले तशीच.
पण भुरी की अंडी, हे राहिलंच.
तीन आठवडे लेइडाने सोपा दिला नाही.

म्हणून कॅमेरा.

दुकानातला ओट माझ्या नातवाच्या वयाचा.
त्याने एक धूड काढलं, म्हणाला,
चाळीसपट जवळ येतं, मावशी,
चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतील.
म्हटलं, बाळा, चंद्राशी माझं भांडण नाही.
मला सांग, हा किती जवळ जाऊ देतो?
त्याने वाचून सांगितलं, दीड मीटर.
दीड मीटरवरून तर मला लेइडाच दिसते.

दुसरा चिमुकला, साबणाच्या वडीएवढा.
पानाला नाक लावलं तरी चालतं त्याला,
पण मग त्याचीच सावली पानावर पडते.
जवळ येऊन उजेड अडवणारी माणसं
मी पुष्कळ पाहिली आहेत.
तिसऱ्याची किंमत ऐकली आणि खाली ठेवला:
एका हिवाळ्याचं सरपण.

काडेपेटीतून पान नेलं होतं दाखवायला.
बसमध्येच मान टाकली त्याने, ठिपके पेटीला चिकटले.
मग ओटने मागच्या फळीवरून एक जुना काढला,
कोपरा घासलेला, आधीच्या मालकाचं नाव खरवडलेलं,
पडदा खिडकीच्या झडपेसारखा बाहेर उघडणारा.
म्हणाला, गुडघे टेकायला नकोत,
वरून वाकून बघा, विहिरीत बघतात तसं.
माझ्या गुडघ्यांबद्दल मी काही बोलले नव्हते.

भिंग वीतभर लांब धरून त्याने टिपला
माझाच अंगठा.
पडद्यावर नांगरलेलं शेत उठलं,
सऱ्यांत माती, एका सरीत हिरवं काहीतरी.
सकाळी हात धुतले होते हो मी, म्हणाले.
आणि पैसे मोजले.

जूनमध्ये रात्री साडेदहालाही उजेड असतो इथे,
आणि वारा तेव्हाच कुठे जरा पडतो.
पहिल्या दिवशी त्रेसष्ट फोटो: त्रेसष्ट हिरवे धूर.
तीक्ष्ण दिसायची जागा नखाएवढीसुद्धा नाही,
पान हललं की गेली, मी श्वास सोडला की गेली.
चौथ्या रात्री कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवला,
देठाला कपड्याचा चिमटा लावला,
आणि थांबले.

ठिपके नव्हतेच ते.
प्रत्येकाखाली एक धागा,
केसाहून बारीक, ताठ,
आणि टोकावर एकेक अंडं, हवेत धरलेलं,
जणू खाली कुणी झोपलंय,
त्याला हात लागू नये.

वाचनालयातल्या जाड पुस्तकात सापडलं:
जाळीदार पंखांचा हिरवा कीटक.
त्याची पिल्लं मावा खातात, ढीगभर.
ज्या माव्यावर मी दर उन्हाळ्यात
साबणाचं पाणी फवारते, तोच.

जिंकले म्हणायचं. अंडीच होती.
फोटो छापून कुंपणापाशी गेले,
लेइडाचा चष्मा घरात राहिलेला.
हात लांब करून, डोळे बारीक करून तिने पाहिलं.
म्हणाली, झुंबर कुणाकडचं हे?

सांगितलं नाही मी.
उजवा अंगठा मुठीत होता माझा,
का कोण जाणे, आवळून धरलेला.
म्हटलं, आपल्याकडचंच आहे.
गंधक मारू नकोस या बाजूला.

ती म्हणाली, बघू.