चित्राची पाठ

या भागात सध्या काय काय चालू आहे
ते एका तीन घड्यांच्या कागदावर छापलंय.
कार्लाइलला जुन्या गोधड्या, नोव्हेंबरअखेरपर्यंत.
व्हाइटहेवनला खाणीवरच्या बायकांचे फोटो, सोमवारी बंद.
कॉकरमथला एका निवृत्त पोस्टमननं
चाळीस वर्षं रंगवलेला एकच डोंगर,
दोनशे अकरा वेळा.
आणि आमच्याकडे, केंडलला, वरच्या मजल्यावर
'माणसं आणि मेंढ्या'. रविवारी संपतंय.

मी तिथली खुर्ची.
म्हणजे खुर्चीवर बसणारी,
पण लोकांच्या नजरेत फारसा फरक नसतो.
टॉयलेट कुठे, लिफ्ट कुठे,
हे हातानं काढलंय का.

दर गुरुवारी विल्फ टायसन येतात.
टोपी खिशात, काठी माझ्यापाशी ठेव म्हणून,
कोटाला ओल्या लोकरीचा वास.
सतरा नंबरसमोर उभे राहतात:
बाजाराचा दिवस, चिखल, एक मुलगा, एक कुत्रा,
मागे धुक्यात मेंढ्या. त्या ते मोजतात,
यान, टायन, टेथेरा, मेथेरा, पिंप.
ही मोजणी फक्त मेंढ्यांपुरती, म्हणाले,
पैसे आपले साध्या इंग्रजीत.
मी त्यांना विटीदांडूचं सांगितलं,
वकट, लेंड, मूंड, नाल.
कुठून आलं हे?
शेजारच्या भाषेतून, म्हणतात.
आमचंही तसंच. शेजारी गेले, आकडे राहिले.

चित्राशेजारी पाटी आहे:
अनोळखी मुलगा, कुत्र्यासह. साधारण १९५२.
मुलगा मीच, विल्फ म्हणाले, पण ते असू दे,
नाक काही माझं जमलेलं नाही त्याला.
कुत्रा मात्र कुत्रा नाही, कुत्री.
फ्लॉस.
डावा कान बघा, मेंढ्यानं मोडलेला.
ते कसं नेमकं काढलंय.

मी वर कळवलं.
वरून फॉर्म आला: पुरावा जोडावा,
छायाचित्र किंवा पत्र.
विल्फकडे पुरावा म्हणजे अंगठ्यावरचा
दातांचा पांढरा वण.
तो जोडता येईना.

सोमवारी चित्रं उतरवली.
डेक्लननं खिळ्यांच्या भोकांत लांबी भरली,
शिट्टी वाजवत, जणू इथे काही टांगलेलंच नव्हतं.
तेव्हा सतरा नंबर मी पहिल्यांदा
उलटं पाहिलं.
पुढे धुकं आणि सोनेरी चौकट.
मागे लीड्सचं लेबल, प्रेस्टनचं लेबल,
लिलावाचा खडूनं लिहिलेला आकडा,
कोळ्याचं जुनं घर,
आणि कुणीतरी चहाचा कप टेकवल्याचं वर्तुळ.
चित्राला पाठ असते.
शाळेत सगळं पाठच केलं आम्ही,
नद्या, पाढे, घाट,
हे तेवढं राहून गेलं.

विमानतळावर आई मुद्दाम पाठ करून उभी होती.
पोलक्याची खांद्याजवळची शिवण उसवलेली,
एवढंच काचेतून दिसत राहिलं.
तिचा चेहरा मला रोज आठवावा लागतो.
शिवण आपोआप आठवते.

गॅलरीत पेन बाळगायला बंदी. पेन्सिल चालते.
डेक्लन बुडबुड्यांचं प्लास्टिक आणायला गेला
तेवढ्यात मी खालच्या पट्टीवर,
चहाच्या वर्तुळाला लागून,
नखाएवढं लिहिलं.
देवनागरीत. म्हणजे वरच्यांना
पुरावा मागायचं सुचणार नाही.

गुरुवारी विल्फ आले.
भिंतीवर आता मातीच्या थाळ्या.
कुठे गेली?
चित्र नाही म्हणाले. गेली, असंच विचारलं.
पेटीत, मी म्हटलं, मग जानेवारीपासून कार्लाइलला.
बस लांबची आहे, दोघांनाही माहीत होतं.
मी इकडेतिकडे पाहिलं
आणि त्यांच्या तळहातावर बोटानं लिहून दाखवलं,
अर्धचंद्र जरा जास्तच वाकवून,
मोडक्या कानासारखा.
किती अक्षरं ही?
तुम्हीच मोजा.
त्यांनी रिकामा तळहात डोळ्यांजवळ नेला.
यान, म्हणाले.
टायन.
मग काठी मागितली.