आनंदवाडी, दोन खोल्या

बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते.
गाडी किती, लाद्या किती, वितळल्या किती.
वितळल्याचाही एक रकाना असतो आमच्याकडे.
म्हणून बंदराच्या चढावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या
तेव्हा घराच्या नावानं वेगळी वही घातली,
पहिल्या पानावर लिहिलं :
हातात अठराशे चाळीस.
विश्राम म्हणाला, एवढ्यात रंगसुद्धा व्हायचा नाही.
म्हटलं, रंग आणतंय कोण.

चुना कालवला, नीळ घातली,
जरा जास्तच पडली.
पाहुण्यांना मी सांगते, समुद्राचा रंग आहे.
खरं तर शाळेच्या सदऱ्याचा आहे,
आईनं घाईत धुतलेल्या.

खवळ्यांच्या मांगरात फुटक्या पेट्या पडल्या होत्या.
आंबा वाशीला गेला, ह्या मागे राहिल्या,
पाच डझन, जपून उचला, असं अंगावर घेऊन.
आठ आणल्या, चार दिवस खिळे सरळ करत बसलो.
आता जपून उचला-मध्ये विश्रामचे पाने आणि पकडी,
पाच डझनमध्ये माझी सात पुस्तकं.
मुंग्या अजून येतात वास काढत,
फळीवरून फिरतात आणि
काही न बोलता परत जातात.

खिडकीला जुनं जाळं.
वारा अडत नाही, नजर अर्धी अडते, तेवढं पुरे.
शेजारची मांजर पहिला आठवडाभर
पडद्याखाली बसून होती, आशेनं.
कौलांखाली जत्रेतल्या नाटकाचा फ्लेक्स ताणला, उलटा,
कोरी बाजू आमच्याकडे.
पण दुपारी काचेच्या कौलातून ऊन उतरलं
की राक्षसाची मिशी दिसते आरपार,
थेट गॅसच्या शेगडीवर.
मी तिला विचारून मीठ घालते.

सगळ्यात मोठा खर्च फळीचा. दोनशे.
खाडीकाठी होडी मोडत होते, तिथून आणली.
एका कडेला रंग सोलला तर
लालाखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा,
दर नारळी पौर्णिमेचा एकेक थर.
वर अक्षरं : नाथ प्रसन्न.
पुढचं कुजून गेलेलं.
दोन चिऱ्यांवर टेकवली, दाराशी, उन्हात,
बसायला झाली.

लवू तारी आला तो इंजिनासाठी नव्हे.
त्याला आता इंजिन नाही.
कारखान्याची जुनी बाकी, चारशे दहा,
मुठीत घट्ट धरून घरीच घेऊन आला होता.
म्हटलं, बसा.
तो बसला नाही.
वाकला, फळीच्या खालच्या अंगाला हात घातला,
तिथं एक खाच होती, मला माहीतच नव्हती.
त्याच्या बोटाला होती.

ही खंय गावली तुका?
सांगितलं.
कितक्याक?
दोनशे म्हणताना मला उगाच वाटलं
की आकडा चुकलाय, वर किंवा खाली.
त्यानं अक्षरांवरून तळवा फिरवला आणि
रवळनाथ प्रसन्न, असं पुरतं म्हणाला,
नसलेल्या लाकडासकट.
मग जाता जाता,
उनात ठेवू नको, फुटतली. तेल लाव हिका.

सोमवारी पोराच्या हाती बाटली आली,
औषधाची, बूच कागदाचं, आत मुशीचं तेल.
फळी आम्ही दोघांनी मिळून आत घेतली,
पेट्या सरकवल्या, जागा केली, तेल चोळलं.
पिवळा वर आला, जुना, गुळगुळीत.
वास असा की विश्राम दोन रात्री अंगणात झोपला.
मांजर परत आली आहे.

वही अजून पुरी झालेली नाही.
तेलाची बाटली खर्चात बसत नाही,
जमेला लिहावी तर किंमत काय लिहू.
तो रकाना कोरा ठेवलाय.
खाली शिल्लक : पस्तीस रुपये.
त्याचे खिळे आणावेत की
लवू तारी पुन्हा आला तर साखर,
हे ठरत नाही.