एक वीत

बांबोळीहून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले,
मोबाइल डाव्या खिशात ठेवायचा नाही.
पेसमेकरपासून एक वीत लांब,
आणि बोलायचं ते उजव्या कानानं.

उजवा कान
मी सातवीत असताना नरकासुराबरोबर गेला.
फटाका कुणाचा, अजून कळलेलं नाही.

सांखळीच्या बाजारात चाळीस वर्षं रेडिओ उघडले मी,
मग टेपरेकॉर्डर,
मग दुपारभर नुसतं दुकान.
मोबाइल नवे होते तेव्हा
मिनिन बसवाला त्याचा सेट घेऊन आला,
"मास्तर, आत कोणीतरी दात वाजवतोय."
मी त्याच्या खिशातला फोन उचलून
बाहेर पायरीवर ठेवला.
दात थांबले.
पैसे कसले घेणार?

बाकावरचा माझा सेट अजून
आधी टरटरतो, टक टरर, टक टरर,
मग फोन वाजतो.
कुवेतहून सुलक्षा.
त्या मधल्या दोन सेकंदांत
हात आपोआप छातीवर जातो.
कातडीखालचं ते रुपयाएवढं
हे ऐकत असेल?
नसावं. ठोका जागच्या जागी.

उजव्या कानात तिचा आवाज
वाळवंटीपलीकडून कुणी हाक मारावी तसा.
म्हणून स्पीकर लावतो,
फोन टेबलावर, वीत मोजून.
मग सून ऐकते, नातू ऐकतो,
विरजण मागायला आलेली शेजारीणसुद्धा टेकते.

"बाबा, बरो आसा मूं?"
बरा आहे, मी म्हणतो.
आणि तू?
ती पगाराचं सांगते, उन्हाचं सांगते.
मध्येच थांबते.

सेट टरटरतो,
आवाज येण्याआधीचं
तेवढंच मला नीट ऐकू येतं.