एकोणीसशे सहा

व्हेंडेलिन बस चालवायचा, झिआरहून क्रेम्निचाला.
शनिवारी माझ्या दुकानात यायचा, हात धुऊन.
आधी तळवे दाखवायचा, मग नाणं मागायचा.

एकच टांकसाळ हवी त्याला: आमची, किल्ल्याखालची,
जिच्या यंत्रांची धडधड
सकाळी माझ्या कपाटाच्या काचा वाजवते.
चांदीचा क्राउन, म्हाताऱ्या राजाच्या मुखड्याचा,
खाली दोन अक्षरं, के आणि बी, मुंगीच्या डोक्याएवढी.
ब्याण्णव ते शहाण्णव, पाच.
मग दहा वर्षं काही नाही.
मग सहा साल.
मग बारा ते सोळा.
नासपतीच्या लाकडाचं तबक, त्यात अकरा खळगे,
त्यानं स्वतः कोरलेले.

अकरा काय, कुणीही जमवतं.
त्याला ती सख्खी भावंडं हवी होती.
सगळी विझल्या चुलीतल्या राखेच्या रंगाची,
सगळी सारखीच झिजलेली: मिशी शाबूत,
कानावरचे केस गेलेले.
चकचकीत दाखवलं की म्हणायचा,
"हे अजून कुणाच्या कामी आलेलं नाही."
लखलखीत त्र्याण्णव त्यानं तीनदा परत केलं.
माझे वडील त्याला कटकट्या म्हणत
आणि त्याच्यासाठी वेगळी डबी राखून ठेवत.

एकवीस वर्षांत दहा जमली.
सहा साल मिळेना.
त्या वर्षी पाडलीच थोडी,
त्यातली किती वितळली, किती बटणं झाली, कोण सांगणार.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात एक आलं,
बुडापेस्टच्या कुणा दंतवैद्याच्या खणातून,
छापल्या दिवसापासून कागदाच्या घडीत.
घडी उघडली तर छतावरचा दिवा त्यात.
मी किंमत सांगितली. त्यानं मोटारसायकल विकली.
माझ्याच टेबलावर तबक उघडून ते मधल्या खळग्यात ठेवलं:
दहा म्हाताऱ्यांच्या बाकावर एक न्हाऊमाखू घातलेलं पोर.
बराच वेळ पाहिलं.
मग उचललं, आणि टाकलं
विजारीच्या खिशात. किल्ल्यांबरोबर.

मी ओरडले. एवढ्यानं, की शेजारचा पाववाला
पिठाच्या हातांनी धावत आला.
नाणं खणखणीत, माणूसच फिरलेला.
"झिजेल," व्हेंडेलिन म्हणाला. "मला घाई नाही."

दर नाताळाला आणून दाखवायचा.
मी भिंग लावायचे, म्हणायचे, अजून नाही.
किल्ल्यांनी गालावर ओरखडे काढले, लोकरीनं ते पुसले,
बसच्या सीटवर तो दिवसातून शंभरदा वळायचा,
तेवढं शंभरदा राजा दळला जायचा.
आमचे क्राउन गेले, युरो आले,
झेल्मिरानं विजारी बदलल्या, खिशांना अस्तरं लावली,
भोक पडलं तर आधी नाणं शोधायची, मग सुई.
बाराव्या की तेराव्या नाताळानंतर
त्यानं ते दाखवणं सोडलं.
मीही विचारलं नाही. दुकानात गर्दी असते.

यंदा मार्चमध्ये झेल्मिरा आली.
काखेत तबक, हातात इस्पितळाची प्लास्टिकची पिशवी:
कंगवा, किल्ल्या, पुदिन्याच्या गोळ्यांची अर्धी नळी,
आणि ते.
"हे या भोकातलं ना?"

ठेवून पाहिलं.
जुळत नव्हतं.
केस नाहीत, कान नाही, मिशीही नाही,
सहाचा आकडा नखाला लागतो, डोळ्याला नाही.
जुळणी ओलांडून ते पुढे गेलेलं,
सात वर्षं, आठ वर्षं, कुणास ठाऊक.
म्हणजे मधे कधीतरी एक शनिवार असा आला असणार
की ते तंतोतंत बसलं असतं.
त्याला कळलं असणार. त्याला नाही तर कुणाला?
त्यानं पाहिलं असणार, तळव्यावर, उजेडात,
आणि हात पुन्हा खिशात गेला असणार.

मी तिला खरं ते सांगितलं:
दहांचे एवढे. अकराव्याचे चांदीच्या वजनाचे.
ती हसली, पहिल्यांदाच.
दहा ठेवून गेली.
जिन्यावरून उतरताना तिच्या कोटातून
किल्ल्यांवर काहीतरी वाजत गेलं, खालच्या दारापर्यंत.

तबक कपाटात आहे. गिऱ्हाईकं वाकून बघतात,
मधल्या खळग्यावर बोट ठेवतात,
"आणि सहा साल?"

चलनात आहे, मी सांगते.