चौथी लेन

माणसं मला बुटांच्या मापानं लक्षात राहतात.
साडेनऊ म्हणजे झेनॉन, चामड्याच्या कारखान्यातला.
सहा म्हणजे त्याची लुडविका. ती कधी खेळली नाही,
नियम म्हणून बूट तेवढे घ्यायची
आणि पेन्सिलीला थुंकी लावून गुण मांडायची.
नवऱ्याचा एक आकडा कधी वाढवला नाही तिनं.

मिलवॉकीच्या दक्षिणेला, बारच्या खाली,
तळघरात आमच्या चारच लेन.
चौथी डावीकडे झुकते.
कुणी म्हणतं, खालून जुनं गटार गेलंय,
कुणी म्हणतं, कारखान्याचे हादरे मुरलेत लाकडात.
गल्लीतला माणूस विचारत नाही.
उजवी कड धरून गोळा सोडतो
आणि पाठ फिरवून, बिअर ओतता ओतता, कानानं मोजतो:
आठ.
नाही, नऊ.

यंत्र आम्ही घेतलंच नाही.
पिनांच्या मागे फळीवर पाय पोटाशी घेऊन इत्झेल बसते,
पडलेल्या उचलते, एका पंजात तीन तीन,
उभ्या करते, गोळा परत ढकलते.
रात्री शेवटचा गोळा तिच्याकडे जातो तेव्हा
अंगठ्याच्या भोकात डॉलरची सुरळी असते.
त्यावर तिचं नर्सिंग चाललंय.

झेनॉनचं मधलं बोट कारखान्यानं अर्धं ठेवून घेतलं होतं,
म्हणून त्याच्या गोळ्याचं एक भोक उथळ.
तो गेल्यावर लुडविकानं गोळा काउंटरवर आणून ठेवला.
म्हणाली, घरात सारखा पायात येतो.
कुणाच्याच हाताला बसला नाही.
मग उन्हाळ्यात आम्ही त्याच्यावर दार टेकवायला लागलो.
दारातून पूर्वी धुरावलेल्या सॉसेजचा वास यायचा,
आता समोर एलेउतेरिओची बेकरी आहे, दालचिनी येते.
चर्चमध्ये आठची प्रार्थना पोलिश, अकरा म्हाताऱ्यांसाठी.
दहाची स्पॅनिश. तेव्हा गाड्या लावायला जागा नसते.

परवाच्या गुरुवारी कुणीच आलं नाही, बर्फ फार होता.
इत्झेलनं दाराजवळचा गोळा पुसला,
दोन्ही हातांनी, लहान मुलं टाकतात तसा,
पायांमधून सोडला चौथ्या लेनवर.
गेला डावीकडे. सरळ नालीत.
लुडविका बसलीच होती, मापात सहा.
पेन्सिल जिभेला लावली,
चांगलं वाटोळं शून्य काढलं
आणि मान वर न करता म्हणाली,
टाक अजून एक.
दोन असतात प्रत्येकाला.