दाताला दात

जानेवारीत सरकीचं तेल घट्ट होतं
आणि पहाटे तीनच्या सुमारास
पंप खडे चावल्यासारखा वाजायला लागतो.
एक्स्पेलरच्या धडधडीतही तो आवाज वेगळा निघतो,
पंगतीत एकाच्याच भातात खडा लागावा तसा.

दौलत मसराम येतात. मफलर, टायरच्या चपला,
हातात वीतभर लांबीचा पेचकस.
बावीस हंगाम जिनिंगमध्ये काढलेले त्यांचे कान
आता चष्म्याच्या काड्या अडकवण्यापुरते.
पेचकसाचं टोक ते पंपाच्या पोटाला टेकवतात,
लाकडी मूठ दातांत धरतात, डोळे मिटतात.
"दाताचं दुखनं दातालेच कयते, पोरी."

मी आयटीआयची.
माझ्या वहीत दोन दातेरी चाकं काढली होती,
मधून बाण.
पहिल्याच दिवशी ते बघून हसले.
मधून काही जात नाही.
मधे दातात दात बसतो तो वाट अडवायला.
तेल जातं कडेकडेनं, घराची भिंत धरून,
दोन दातांमधल्या ओंजळीत थोडं थोडं.
बैलबाजार भरला की आम्ही पोरी
चौक टाळून मागच्या बोळानं शाळेत जायचो,
तसं.

"तहानला हाये," ते म्हणाले.
जाळी उघडली. आत सरकीची टरफलं
आणि रुईचा ओला बोळा, मेलेल्या उंदराएवढा.
डिझेलमध्ये जाळी धुतली.
ओढणीच्या पायपाला गरम पाण्यात पिळलेली पोती गुंडाळली.
खडे थांबले. दाब मात्र चढेना.

मग झाकण.
फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी
चाक आणि झाकणाच्या मधून
तूप लावल्यासारखी सरकली,
तिच्या मागे दुसरीही.
झीज. दहा वर्षांची, केसाएवढी.
झाकणाखालचा एक कागद काढायचा की दोन
यावर ते बराच वेळ बिडी न पेटवता बसले.

पातळ गॅस्केट हवं तर काट्याच्या पावत्यांचा कागद.
जाड हवं तर लग्नपत्रिका.
या पंपात आजवर वडनेरातली तीन लग्नं
कापून बसवली आहेत. एक मोडलं, पण गळलं नाही.

बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीनं.
मग दोन बोटांनी शाफ्ट फिरवून बघायचा:
जड हवा, अडलेला नको.
आणि सुरू करण्याआधी वाटीभर तेल पाजायचं.
"कोरड्या तोंडानं कोनाले कामाले लावू नोको."

ग्लँडमधून गळत होतं. मी पान्हा घेऊन कसलं.
थेंब थांबला. मला बरं वाटलं.
त्यांनी माझं मनगट धरलं, नट मागे फिरवला.
"पडू दे. मोज. मिनिटाले आठ-दहा.
पुरा कसला तं शाफ्ट जयते."

सकाळी भुतडांचा धाकटा आला.
त्याला दाब वाढवून हवा होता.
रिलीफ वाल्वची टोपी काढून
त्यानं स्वतःच स्क्रू अर्धा आटा आत घातला,
हात पुसायला फडकं मागितलं.
दौलतभाऊ मान हलवत राहिले,
ऐकू न येणाऱ्या माणसाचा हा एक फायदा.
गाडीचा धुरळा वीटभट्टीपर्यंत गेला
तेव्हा त्यांनी अर्धा आटा परत काढला.
लॉगबुकात काही लिहिलं नाही. मीही नाही.

यंदा ते पांढरकवड्याला, लेकीकडे.
फोन लागत नाही,
आणि लागला तरी त्यांना ऐकू येत नाही.

माझे कान शाबूत आहेत.
तरी पहाटे खडे वाजले की
त्यांचा पेचकस पंपाला टेकवते, मूठ दातांत धरते.
लाकडावर त्यांच्या दातांचे दोन खळगे आहेत.
माझे दात त्यात बसत नाहीत.
मी जरा बाजूला चावते.

खाली डालड्याचा डबा.
सहा.
सात.